हसायचं राहिलंय

“केतकीताई, दोन्ही हात वर करा, नाव सांगा आणि हसा,” बेसिनवरचा आरसा तिसऱ्यांदा म्हणाला. काल ती हसली नाही, तर दारात ॲम्ब्युलन्स आली होती. मेंदूचा झटका नाही, नवऱ्याचं सुतक आहे, हे कळल्यावर आलेली माणसं ओशाळून परत गेली होती.

“काढून टाकू या हा आरसा, अण्णा,” ती सासऱ्यांना म्हणाली.

“नको. आपला निनाद उतरला होता त्या लॉजवर असा आरसा असता, तर त्याचं तोंड वाकडं झालेलं वेळेत कळलं असतं.”

केतकीनं हात वर केले, नाव सांगितलं. मग ती हसली.

“दोन्ही बाजू सारख्या आहेत. तब्येत उत्तम,” आरसा म्हणाला.

“सरक जरा,” अण्णा आरशापुढे येत म्हणाले. “माझं हसायचं राहिलंय.”