हाक मारायची न्हाय

"हितं मला हाक मारायची न्हाय. वळखसुदिक दाखवायची न्हाय," बारामतीच्या स्टँडवर उतरताच बहिणीनं बजावलं. "म्हण आईशप्पत."

यशराज म्हणाला. करतो काय! कळस गावापासून एसटीत तिच्याच मांडीवर डोकं ठेवून आला होता बिचारा. ती तेरा वर्षांची, तो दहाचा.

उन्हाळी शिबिरात तिनं पहिल्याच दिवशी मैत्रिणी जमवल्या. "राजनंदिनी, इकडे ये ना!" म्हणत पोरी तिला ओढून न्यायच्या. यशराज नुसतं "न्हाय" म्हणाला तरी शहरातली पोरं खिदळायची. आजा मेंढरं राखायचा हे सांगितल्यावर तर एकानं बें बें करून दाखवलं. यशराजनं बहिणीकडं पाहिलं. तिनं मान फिरवली.

तिला आपली लाज वाटतीय, त्यानं ताडलं. मग त्यालाही स्वतःची लाज वाटू लागली. ढगळ सदऱ्याची, बोलण्याची, सगळ्याचीच. जेवताना तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. वाढणाऱ्या दगडाबाई विचारायच्या, "बाळा, तुझं कुणी न्हाय का हितं?"

"न्हाय," तो म्हणायचा आणि ताट तसंच सारून उठायचा.

सात दिवस पोरानं कळ काढली. आठव्या दिवशी समारोप होता. लंगडीत पहिली आली म्हणून बहिणीला ढाल मिळाली. सरांनी विचारलं, "राजनंदिनीबद्दल कोण बोलणार?" चार पोरींनी हात वर केले. यशराजचं डोकंच फिरलं. शपथ गेली खड्ड्यात! त्यानं धावत जाऊन माइक हिसकावला.

"ही माझी सख्खी बहीण हाय! लाज वाटती तिला माझी. आन् हिचं नाव राजनंदिनी न्हायच. खोटं सांगितलंय तिनं. नकोशी नाव हाय हिचं, नकोशी!"

आधी एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळं मैदान हसलं. बहीण हातातल्या ढालीकडं बघत उभी राहिली. यशराजला वाटलं होतं, लई बरं वाटंल. वाटलं नाही.

दगडाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या पुढं आल्या.

"पाठीवर पोरगा व्हावा म्हणून ठेवत्यात असलं नाव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झाला का गं मग?"

नकोशीनं मान वर न करता यशराजकडं बोट केलं.