गंगूची लाथ

माजी सरपंच दौलतसिंग अंगणात पालथा झोपला होता आणि गंगूचा पाय काही केल्या उचलत नव्हता.

"मार ना वं," तो मातीत तोंड खुपसून म्हणाला. "मले रिसोडले जाचं हाय." मागे आणखी सहाजण कमरेवर हात ठेवून उभे होते.

गंगू पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेल्या माणसाची लाथ बसली की कमरेतली चमक पळते, यावर मेडशीपलीकडच्या त्या गावाचा भारी विश्वास. ती जन्मली वावरात, सुईण पोचायच्या आत. पाय आधी आल्याचं तिच्या आईनं, देवलानं, गावभर सांगितलं होतं. गंगू मोठी झाली तशी दर रविवारी बौद्धवस्तीतल्या या अंगणात गर्दी होऊ लागली. पैसा घ्यायचा नाही आणि लाथ आपल्याच अंगणात मारायची, हा देवलाचा कायदा. दौलतसिंगनं सरपंच असताना घरी बोलावलं, तरी गंगू गेली नाही. तोच आला आणि मुकाट पालथा पडला.

आता आठ महिन्यांपासून गंगूचीच कंबर गेली होती. कळ कमरेतून निघायची ती थेट पोटरीत उतरायची. शेवटी ती गुपचूप वाशिमला दवाखान्यात गेली. तिथल्या फरहा मॅडमनी नीट तपासलं. "घाबरू नका, पण झोपूनही राहू नका," त्या म्हणाल्या. "रोज चाला, हे व्यायाम करा. आणि एका पायावर उभं राहून लाथा मारणं आजपासून बंद." व्यायाम दार लावून सुरू झाले. लाथा मात्र चालूच राहिल्या. पायाळूचीच कंबर दुखते हे कळलं असतं, तर आईनं उभ्या जन्मात कमावलेला एवढा एकच मान मातीत गेला असता.

आज तिनं पाय उचलला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तिला राग आला. गावाचा आला, कमरेचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या भित्रेपणाचा आला. तिनं चटई ओढली आणि सगळ्यांसमोर दौलतसिंगच्या शेजारी उताणी झोपली. गुडघे वाकवले, कंबर हळूच वर उचलली. एक. दोन. तीन.

"हे काय करून राह्यली?" दौलतसिंग ताडकन उठायला गेला आणि कळ येऊन अर्ध्यातच अडकला.

"माह्यी बी कंबर गेली. आता लाथ बंद. पाह्यजे तं हे शिकवतो, नाई तं वाशिमले जा."

"पायाळूचीच कंबर गेली? मंग इतके दिवस आमाले येडं बनवलं का?"

बडबडत, कंबर धरत तो निघून गेला. रांगही त्याच्यामागे पांगली.

गंगूला ओट्यावरच्या म्हातारीकडे बघवेना. "माय, तुहा मान घालवला मी."

देवला काठी टेकत आली आणि तिच्या उशाशी बसली. तिच्या बोळक्यात हसू मावत नव्हतं.

"तू पोटात होती तवा या दौलतसिंगच्या बापानं मले इहिरीवर चढू देलं नवतं. तवाच ठरवलं, या गावाले आपल्या अंगनात पालथं पाडाचं. पाडलं. आता तू तुही कंबर पाह्य." तिनं लेकीच्या केसांतली माती झटकली. "तू तं डोक्याकडूनच आलती, पोरी."