अंधाराचा स्क्रू

"भाऊ, काल पुन्हा दिवस बुडायच्या आतच लाइट लागले!" दसरूनं अँबॅसिडरचं दार आपटलं. "सारा बाजार वरडून राह्यला होता, लाइट बंद कर, लाइट बंद कर! एकानं तं बॉनेटच ठोकलं."

लटारू मिस्त्रीनं तोंडातला खर्रा थुंकला. ही तिसरी खेप. गाडी मूल गावच्या भातगिरणीवाल्या गुणवंतरावांची, आणि दसरू त्यांचा ड्रायव्हर. गुणवंतरावांच्या जावयानं मुंबईहून एक काळी डबी आणली होती. तिला काचेचा बारका डोळा. अंधार पडला की त्या डोळ्याला कळणार आणि गाडीचे दिवे आपोआप लागणार. असली वस्तू मूलमध्ये कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. पण लटारूनं ती जोडली. डोळा समोरच्या काचेमागे बसवला, एक वायर फ्यूजमधून बॅटरीला, एक बॉडीला, दोन दिव्यांच्या बटणाला. डोळ्यावर हात धरला की डबीत टक् वाजायचं आणि दोन्ही दिवे भक्कन पेटायचे. जोडणी पक्की होती. किती अंधार झाला म्हणजे दिवे लावायचे, ते ठरवायला डबीला एक स्क्रू होता. त्या मेल्या स्क्रूनंच नाकी नऊ आणले होते.

"मालक काय म्हणते?" लटारूनं विचारलं.

"आज नाई जमलं तं हे गाडी, जीप, ट्रक, सारं चंद्रपूरले नेतो म्हणते."

गुणवंतरावांच्या गाड्यांवरच लटारूचं दुकान उभं होतं. वीस वर्षांत त्याचं एकही काम कधी परत आलं नव्हतं, आणि आता ही टीचभर डबी त्याची अब्रू घालवायला निघाली होती.

"मुंबईच्या डबीले आपल्या झाडीतला अंधार काय समजते, गा!" तो चिडून म्हणाला.

मागच्या दोन्ही वेळा त्यानं संध्याकाळी एकट्यानं बसून स्क्रू लावला होता. दसरू तेव्हा बाजारात फिरत होता. आज मात्र तो हलला नाही. गाडी अंगणात उभी करून दोघं पुढच्या सीटवर बसले. उंबऱ्यात लटारूची बायको भागीरथा शिवण घेऊन बसली होती.

अलीकडे संध्याकाळ फार लवकर होते, असं लटारूचं म्हणणं होतं. गिरण्यांचा धूर आभाळात साचतो, दुसरं काय! दुकानही तो आताशा लवकर बंद करायचा. भागीरथा म्हणायची, तुमी आळशी झाले. तो म्हणायचा, मी नाई वो, दिवसच आळशी झाला.

बघता बघता कुंपण दिसेनासं झालं. मग लिंबाचं झाड गेलं. मग गाडीचं नाकही गेलं. लटारूनं चाचपून पेचकस लावला आणि स्क्रू हळूहळू फिरवला. टक्! दिवे लागले.

"हं! याले म्हणते अंधार!" त्यानं मांडीवर थाप मारली. "जाय, सांग तुह्या मालकाले."

दसरू चाचरत म्हणाला, "भाऊ, थट्टा करून राह्यले का?"

"कायची थट्टा?"

"दिवस आत्ता तं बुडाला. लख्ख उजेड हाये ना भाऊ."

"डोळे फुटले का तुहे?" लटारू भडकला. "हाताले हात दिसून नाई राह्यला! भागीरथे, तूच सांग याले. पडला का नाई अंधार?"

भागीरथा उंबऱ्यातून उठून गाडीपाशी आली.

"अजी," ती हळूच म्हणाली, "म्या आत्ताच सुईत दोरा ओवला."

लटारू घाबरला. जन्मात कधी घाबरला नव्हता एवढा घाबरला. धूर नव्हता, दिवस आळशी झाला नव्हता, डबीतही खोट नव्हती. त्यानं पेचकस दसरूच्या हातात दिला. "कवा फिरवाचा, ते तूच पाह्य," एवढंच म्हणाला.

स्क्रू सैल करून दसरू वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं, गावात घरोघरी दिवे लागायच्या सुमारास, त्यानं तो फिरवला. टक्!

"जमलं, भाऊ!" दसरू ओरडला. "आता बरोबर! मालकाले सांगतो, गाड्या कुठीच नाई जात. साऱ्या तुमच्याकडंच!"

लटारूला ऐकू आलं, पण त्याचा जीव ट्रकमध्ये अडकला होता. परवाच त्यानं गुणवंतरावांच्या ट्रकची वायरिंग केली होती. डॅशबोर्डखाली, जिथं भरदुपारीही उजेड पोचत नाही, तिथं आडवं पडून. लाल कोणती, तपकिरी कोणती, सगळं चाचपून, अंदाजानं. हाताला सवय आहे म्हणत त्यानं जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली होती. आज तोच ट्रक तांदूळ भरून, वर चार हमाल घेऊन, जंगलातून सिरोंच्याला निघणार होता.

"ट्रक गेला का रे?"

"भरून राह्यले अजून. काऊन?"

"धाव. थांबव त्याले," लटारू म्हणाला. "आन् मालकाले सांग, लटारू म्हणते, साऱ्या गाड्या चंद्रपूरलेच न्या."