अकरा उतार

"माझ्या बाथरूमचा उतार कुठे गेला?" व्हीलचेअर मोठ्या स्क्रीनजवळ नेत प्रमिलाकाकू चिटणिसांनी विचारलं.

सोसायटीची नवी इमारत उभी राहायची होती आणि रहिवासी आपापला फ्लॅट कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये बघायला आले होते. काकूंच्या बाथरूमच्या दाराशी आर्किटेक्ट निनादने स्वतः आखलेला उतार आता नव्हता. तिथे चार इंचांची पायरी होती.

"मी नाही पुसला, काकू. आम्हाला बाकीच्यांची मॉडेलं जोडावी लागतात. बीमवाल्यांचं, पाइपवाल्यांचं आणि यंदापासून आरोग्यवाल्यांचं. जे लागणार नाही, ते सॉफ्टवेअरच काढून टाकतं."

"मला लागणार नाही? कोण म्हणतं?"

निनादने नाइलाजाने पायरीवर क्लिक केलं. ओळ उमटली: 'ताबा मार्च २०६१. रहिवाशाचा अंदाजे मृत्यू ऑगस्ट २०६०. उतार रद्द.'

काकूंनी ती दोनदा वाचली. "बदल ते."

"ती आरोग्यवाल्यांची, दुसऱ्यांची फाइल आहे. मला नुसती दिसते, बदलता येत नाही."

"मरणार मी, आणि फाइल दुसऱ्यांची?" त्यांचा आवाज चढला. "तू हे आधी वाचलं नाहीस?"

"रोज चारशे बदल येतात, काकू. आम्ही सगळे एकदम 'मान्य' करतो."

"असे किती उतार 'मान्य' करून काढलेस?"

निनादने यादी उघडली. "अकरा."

काकूंनी व्हीलचेअर गर्रकन वळवली. मागे शेजारीपाजारी हातात काठ्या घेऊन आपला नंबर यायची वाट बघत बसले होते.

"वाच नावं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच. आणि एकेकाच्या तोंडाकडे बघून वाच."