चार थेंब

सासूबाईंना सर्दी झाली म्हणून मी निलगिरीचं तेल आणि वाफेचं मशीन आणलं. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली.

"ह्यात पाला कुठाय? मूळ कुठाय? अख्खं झाड पोटात गेलं तर गुण येतोय. ह्ये म्हंजे नुसतं हुंगून जेवल्यागत झालं की!"

मग त्यांनी अडुळसा, ओवा आणि सुंठ घालून काढा उकळत ठेवला. तो आटेपर्यंत मला झाडपाल्याचे गुण सांगितले. तेवढ्यानं भागेना, म्हणून पेठ वडगावच्या नणंदबाईंना फोन लावून त्यांनाही सगळे सांगितले. शेवटी काढा गाळला, फुंकून फुंकून निववला आणि पेला ओठाला लावणार, तोच मामंजी कॅलेंडरात बघून म्हणाले,

"अगं, दिवस मावळला की!"

आमच्या जैन घरात सूर्यास्तानंतर सासूबाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला. तीनदा शिंकल्या. मग खुर्ची ओढत ओढत माझ्या मशीनजवळ आणली.



"बघत काय बसलीस? हुंगल्यानं नेम मोडत न्हाय. घाल आणिक चार थेंब!"