जुन्या फोनवरचा पाळणा

“नवी वाट उघड, पण जुनी बुजवू नकोस. तिथून येणारे असतात गं,” गुरुराज सर म्हणाले तेव्हा चैत्रा हसली होती. “सर, तुमच्यासारखे जुने फोन वापरणारे आणखी किती उरलेत?”

बंगळूरची त्यांची कंपनी पाळण्यावर लावायचे कॅमेरे करायची. फोननं कॅमेऱ्याकडे चित्र कसं मागायचं, याची नवी पद्धत चैत्रानं लिहिली होती. अजून प्रायोगिकच. ज्यांना हवी त्यांनी ती निवडायची, बाकीच्यांचं जुन्या पद्धतीनं चालू राहायचं, असं ठरलं होतं. पण दोन-दोन पद्धती कोण सांभाळणार? तिनं जुन्या फोनांची मागणीही नव्या पद्धतीकडे वळवून टाकली. एकही तक्रार आली नाही.

“बघा सर!”



येईनासा झाला तो अम्माचा, तिच्या आईचा, फोन. दुपारी चैत्राचं बाळ, पुट्टा, झोपला की शिरसीहून हमखास यायचा. “पंखा कमी करायला सांग त्या बाईला. केस उडतायत माझ्या राजाचे.” चैत्रा ऑफिसात, पुट्टा सांभाळणाऱ्या बाईंपाशी, आणि अम्माचा तिकडून, पाळण्यावरच्या कॅमेऱ्यातून पहारा. एकदा वैतागून चैत्रा म्हणाली होती, “सारखी बघू नकोस गं, दृष्ट लागेल त्याला.” आता दुपार झाली की तिचंच लक्ष फोनकडे जायचं. कुणीतरी पंख्यावरून बोलावं, असं फार वाटायचं.

शेवटी तिनंच फोन लावला. अम्मा सुपारीबद्दल बोलली, म्हशीबद्दल बोलली. मग हळूच म्हणाली, “पुट्टा आता कुशीवर वळत असेल, नाही?”

“म्हणजे? रोज बघतेस ना?”

“तूच बंद केलंस की. काळं दिसतं सगळं. बरं केलंस हो. आजीचीही लागते दृष्ट.”

चैत्राच्या लक्षात आलं. अम्माचा फोन जुना. नवी पद्धत त्याला कळतच नव्हती. आणि तसल्या फोनवरून केलेली तक्रारही त्याच वाटेनं यायची, जी तिनं स्वतः बुजवली होती.

जुनी वाट तिनं त्याच दुपारी पुन्हा मोकळी केली. नवी पद्धत निवडणाऱ्यांपुरतीच ठेवली. ग्राहकांना जाणाऱ्या सूचनेत तिनं खाली एक ओळ घातली. सरांनी ती वाचली आणि राहू दिली:

“तुमच्या घरचं कुणी जुन्या फोनवर बाळाला बघत असेल आणि त्यांची काहीच तक्रार नसेल, तर आज त्यांना मुद्दाम फोन करा. विचारा, दिसतंय ना?”