चपटा हत्ती

पोस्टातल्या बाईंनी बजावलं होतं, "आजी, पाकीट फुगलेलं नको." तेव्हापासून द्वारकाबाई नातवाच्या वाढदिवसाच्या कार्डावरचा कापडी हत्ती पाट्याखाली इतका चपटा करत, की फुंकर मारली तर कराडहून थेट अकोल्याला उतरावा.

सून रुसून नातवाला तिकडं घेऊन गेली होती. उत्तर कधी आलं नाही. यंदा द्वारकाबाई स्वतःच कार्ड घेऊन अकोल्याला निघाल्या.

दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "घर केव्हाच सोडलं त्यांनी. कुठं गेले, देव जाणे. पोस्टमन तुमची पाकिटं दाराखालून सरकवतो. जाड असती, तर परत तरी आली असती."

द्वारकाबाई ओणव्या झाल्या. फटीतून सगळी पाकिटं दिसत होती. केसातला आकडा काढून त्यांनी एक ओढून पाहिलं. ते आणखी आत गेलं.